पहिल्या तासाला साक्षीचं ओझं नको

पत्र:

काका, जय ख्रिस्त. मी वेंगुर्ल्याचा, वय २३. मिशन सेवेच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणातलं पहिलं वर्ष संपत आलंय. एका पाहुण्या शिक्षकांनी मिशनरी वैमानिकांचे फोटो दाखवले, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. क्लास टू मेडिकल, म्हणजे शिकाऊ वैमानिकाची वैद्यकीय तपासणी झाली, स्टुडंट पायलट लायसन्स हातात आलं, घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तास ठरलाय. तासाचे १५ हजार. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, दोन तासांचे पैसे द्यायला तयार आहे, आणि परत आलो की रविवारच्या उपासनेत मी साक्ष देणार, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणार, असं पाळकसाहेबांनी जाहीरही करून टाकलंय. अडचण अशी की मी जत्रेतल्या पाळण्यात बसलो तरी डोळे मिटून घेतो. पप्पा बंदरावर बोटींच्या इंजिनांची कामं करतात, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘देवान बोलावल्यान तर तिकिटाचे पैसेय तोच देतलो.’ हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं आहे की नुसतं विमानाचं वेड? पहिल्या तासात ते कळेल का?
– शिकाऊ, वेंगुर्ले

उत्तर:

बाळा, जय ख्रिस्त. मी मंडळीतला नाही. दारात तुळस असलेल्या घरातला आहे. पण १४ वर्षं शिकाऊ मुलांच्या शेजारी, विमानाच्या उजव्या सीटवर बसून काढलीत, म्हणून संपादकांनी तुझं पत्र माझ्याकडे सरकवलं. पाचारणावर मी बोलायला लागलो तर ती लुडबूड होईल. पहिल्या तासावर बोलायला मात्र मला कुणाची परवानगी नको.

तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही कळणार. पहिल्या तासात कळतं ते एवढंच की आपण चाक किती घट्ट धरतो, आणि पोट काय म्हणतं.

माझं सांगतो. माझी पहिली फेरी झाली तेव्हा मी २० वर्षांचा होतो, आणि फी मामाने भरली होती. आमराईवर कर्ज काढून. मी कंट्रोल असे आवळून धरले होते की उतरल्यावर तळहातावर वळ उठले होते. पुढच्या तासाला माझ्या इन्स्ट्रक्टरनी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या बोटांतून एक वर, एक खाली अशी विणून ठेवली. ‘आता दाब बघू,’ म्हणाले. पेन्सिल बोटात असताना मूठ आवळली की स्वतःलाच दुखतं. हे मी नंतर शेकडो मुलांना केलं. पण ते सोड. मुद्दा वेगळाच आहे. त्या पहिल्या आठवड्यात मला तीनदा उलटी झाली. आणि रात्री एसटीडी बूथवरून मामाला फोन केला की मी म्हणायचो, ‘एकदम मस्त चाललंय मामा.’ नेव्हिगेशनचा पेपर नापास झालो तेव्हाही तेच. आमराई गहाण टाकलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? पुढचं जवळजवळ वर्षभर मला खरंच उडायला आवडतंय का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. विचारायची सोयच नव्हती. नशिबाने उत्तर ‘हो’ निघालं, पण ते नशिबाने.

म्हणून मंडळीचे ३० हजार घेऊ नकोस. पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच असणार. पण तो पैसा कुणाच्या दशांशातला, म्हणजे कमाईतून चर्चला दिलेल्या दहाव्या हिश्शातला आहे हे तुला माहीत आहे. मासे विकून, शाळेत नोकरी करून, मुंबईहून मनिऑर्डरी करून आलेला. तो खिशात असताना तू उतरल्या-उतरल्या मोकळेपणाने ‘मला नाही जमणार’ म्हणू शकशील? आणि वर साक्ष आधीच जाहीर झालेली! साक्ष झालेल्या गोष्टीची देतात अशी माझी समजूत आहे. व्हायच्या गोष्टीची तारीख लावायची पद्धत तुमच्यात असेल तर मला माहीत नाही. पाळकसाहेबांना जाऊन भेट आणि सरळ सांग की आधी एक तास माझ्या पैशाने करून येतो, साक्षीचं मग बघू. समजूतदार माणूस असेल तर हसेल. रागावला तरी रविवारपुरता.

१५ हजार तुझ्याकडे नसतील, तर साठव. पप्पांच्या हाताखाली चार महिने काम कर. आणि हे म्हणतोय त्याला दुसरंही कारण आहे.

तुझी तारीख बघून मी कपाळावर हात मारला. जूनचा दुसरा आठवडा! तुझी सुट्टी तेव्हा, हे मान्य. पण शिकाऊ विमान डोळ्यांनी बघून उडवायचं असतं. ढग खाली आले, पाऊस आला की ते हँगरात. तू घाटावर जाशील, आठ दिवस लॉजच्या खिडकीतून पत्र्यावर पडणारा पाऊस बघशील आणि हात हलवत आंबोलीने खाली उतरशील. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण जुहूचं ते मैदान पावसाळ्यात चिखलाचं खाजण व्हायचं, म्हणून तेवढे महिने त्यांनाही आपला मुक्काम पुण्याकडे हलवावा लागायचा. कोकणचा पाऊस टाटांनाही चुकला नाही, तुला काय चुकणार.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे सगळ्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, सगळी इंजिनं उघडलेली, आणि वेंगुर्ले बंदरावरच्या प्रत्येक मिस्त्रीच्या मागे दहा तांडेल लागलेले. तुझ्या पप्पांचा वर्षातला सर्वांत कामाचा महिना. त्यात तू न सांगता घाटावर. हे बरं दिसत नाही. तास डिसेंबर-जानेवारीत घे. फ्लाइंग स्कूलला फोन करून सकाळची पहिली वेळ माग. तुम्हा बंदरावरच्या मुलांना मी वारा काय शिकवणार. पहाटेचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे तुला कळतात. घाटावर समुद्र नसला तरी उन्हाचा खेळ तोच. दहा-अकरानंतर जमीन तापते, गरम हवा वर उठते, आणि छोटं विमान खड्ड्यातल्या रिक्षासारखं चालतं. पहिल्या दिवशी ते नको.

आता पाळण्याचं. पाळण्यात डोळे मिटणारी माणसं विमानात निवांत बसलेली मी खूप पाहिलीत. उंचीची भीती ही बहुतेकदा कड्याच्या टोकाची भीती असते, पायाखालून जमिनीपर्यंत जाणारी भिंत दिसते त्याची. विमानात ती भिंत नसते. शिवाय पाळणा दुसरा कुणीतरी फिरवतो. इथे थोड्या वेळाने तू फिरवणार. भीती आणि उलटी मात्र वेगळ्या. आपल्याकडे बोट लागते, गाडी लागते, तसं विमानही लागतं, आणि ज्याला पहिल्या दिवशी लागलं तो पाचव्या-सहाव्या तासाला डबा उघडून चपाती खाताना मी बघितलाय. इन्स्ट्रक्टरला चढण्याआधीच सांगून ठेव, लपवू नकोस. नजर बाहेर, क्षितिजावर. आतल्या घड्याळांकडे बघत बसलास की पोट ढवळणारच. हवेची झडप उघडी ठेव. प्रवासातल्या उलटीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नकोस, त्यातल्या बऱ्याचशा गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळलेल्या माणसाने विमानाला हात लावायचा नसतो. आल्याचा तुकडा चघळ. सकाळी दोन घावणे खाऊन जा, रिकाम्या पोटी नको. तळलेला बांगडा परत आल्यावर.

तासात होतं काय, ते तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तू टेकऑफची स्वप्नं बघतोयस. टेकऑफच्या आधी बराच वेळ तू विमानाभोवती चालत असशील. सेसना १७२ असेल तर पंखाच्या खालच्या अंगाला लहानशा झडपा असतात. तिथे प्लास्टिकची पारदर्शक नळी दाबून थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं, ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंगवलेलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी येतं. नळीच्या बुडाला थेंब मण्यासारखा गडगडताना दिसतो. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवली आणि हवा दमट असली की आतल्या आत दव धरतं, तेच हे पाणी. दिसलं की ओतून टाकायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं. थेंब दिसेनासा होईपर्यंत. हे करताना काही मुलांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो, आणि काहींची मान आपोआप वाकडी होऊन डोळा नळीला लागतो. १४ वर्षांत मी पोरं इथेच ओळखली. वर गेल्यावर काय, सगळेच खूश असतात.

मग डाव्या सीटवर बसशील. जमिनीवर विमान पायांनी वळवायचं असतं. तरी तू हातातलं चाक मोटारीसारखं फिरवशील, सगळे फिरवतात, आणि विमान आपलं सरळ गवताकडे जात राहील. धावपट्टीवर पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढतं, उजवा पाय दाबून धरायचा. वेग ५५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर झाला की नाक हलकेच उचलायचं. हे पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर करेल, तुझे हात नुसते बरोबर ठेवायला सांगेल. वर स्थिर झाल्यावर तो म्हणेल, ‘यू हॅव कंट्रोल.’ तू म्हणायचं, ‘आय हॅव कंट्रोल.’ मोठ्याने, स्पष्ट. कारण विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल दोघांचा गैरसमज होता कामा नये. मग नाक वर, नाक खाली, पंख कलव, सरळ कर. एवढंच. पेन्सिलीची आठवण ठेव आणि दोन बोटांनी धर. होडीचं सुकाणू तू कधी ना कधी हातात घेतलं असशीलच; सुकाणू फिरवल्यावर होडी जरा उशिरा ऐकते, तसंच इथेही. घाईघाईने उलट फिरवलंस की डोलत बसशील.

वेड की पाचारण, याबद्दल माझ्या बाजूने सांगता येईल ते असं. तुला त्या पाहुण्यांनी फोटो दाखवले, त्यात नेट सेंट या अमेरिकन मिशनरी वैमानिकाचं पिवळं पायपर विमान असणार. १९५६ च्या ८ जानेवारीला इक्वेडोरच्या जंगलात, नदीकाठच्या वाळूवर तो आणि त्याचे चार साथीदार मारले गेले, ते सगळे सांगतात. मला विमानवाला म्हणून त्या माणसाची बादली आवडते. जंगलात उतरायला जागा नाही, तर तो विमानातून लांब दोर सोडून वर गोल फिरत राहायचा. फेरी नीट जमली की दोराच्या टोकाची बादली मधोमध जवळजवळ एका जागी स्थिर राहते, आणि खालचा माणूस तिच्यातून वस्तू काढून घेऊ शकतो. इंजिनाला पेट्रोल पोचवायची पर्यायी सोयही त्याने स्वतः खटपट करून बसवली होती. आणि ज्या संस्थेत तो होता, अमेरिकेत १९४५ ला सुरू झालेली मिशन एव्हिएशन फेलोशिप, तिचं पहिलं विमान १९४६ ला मेक्सिकोत नेलं बेटी ग्रीन नावाच्या बाईने. ते पुढे दुसऱ्याच्या हातून मोडलं. नेट सेंटला बोलावणं गेलं ते मोडलेलं विमान दुरुस्त करायला. उडवायला नाही. मिस्त्री म्हणून गेला तो आधी.

ही संस्था आजही पापुआ न्यू गिनी, चाड, दक्षिण सुदान अशा भागांत छोटी विमानं चालवते. पापुआच्या डोंगरात काही धावपट्ट्या अशा उतारावर आहेत की चढणीकडे तोंड करून उतरायचं आणि उतारावरून सुटायचं, दुसरा मार्गच नाही. विमानात काय असतं? लशी, औषधं, तांदूळ, पत्रे, बाळंतपणात अडलेली बाई. आपल्या आज्यांना विचार, पावसाळ्यात आगबोट बंद झाली की वेंगुर्ल्याचं काय व्हायचं. तुमच्या गावात अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन दवाखाना चालवायचे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ ला वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. त्या दवाखान्याला जे आगबोटीचं मोल, तेच आज त्या डोंगरांत विमानाचं. म्हणजे तू आगबोटीचा सारंग व्हायला निघालायस. प्रवचन करायला वेळ मिळाला तर मिळाला. एरवी पोती मोजायची, वजन लिहायचं, ढग बघून ‘आज नाही’ म्हणायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. हे वाचून तुझा उत्साह उतरला तर वाईट वाटून घेऊ नकोस. वाढला, तर पाळकसाहेबांशी बोलायला तुझ्याकडे काहीतरी आहे.

हिशेबही पाहून ठेव. खाजगी वैमानिकाच्या लायसन्सला ४० तास लागतात, पण त्यावर कुणी कामाला ठेवत नाही. व्यावसायिक लायसन्सला २०० तास. तुझ्याच दराने नुसत्या उड्डाणाचे ३० लाख. राहणं, परीक्षा, बाकी सगळं वेगळं. त्यावर अशा संस्था आणखी अनुभव मागतात, आणि घेतल्यावरही बऱ्याच ठिकाणी आपल्या खर्चाचे देणगीदार आपल्यालाच जमवावे लागतात. म्हणून, पहिल्या तासानंतर पुढे जायचं ठरलं तर दुसरा तास घेण्याआधी क्लास वन मेडिकल कर. व्यावसायिक लायसन्सला तेच लागतं. पाच-सात लाख घातल्यावर डोळ्यात किंवा कानात खोट निघालेली मुलं मी पाहिलीत, त्यांच्या बापांचे चेहरेही पाहिलेत.

आणि वैमानिक नाहीच जमलं, तर या कामातून तू बाद होत नाहीस. दोन पंखांच्या मधल्या माणसापेक्षा इंजिन उघडणाऱ्या माणसाची या संस्थांना जास्त गरज पडते असं मला तरी वाटतं. बऱ्याचदा दोन्ही कामं एकाच माणसाला यावी लागतात. विमान देखभालीचं, एएमईचं शिक्षण आपल्याकडे मिळतं. तू मिस्त्रीचा मुलगा आहेस. लहानपणापासून नोझल साफ करत वाढला असशील, आणि पत्रात त्याबद्दल अर्धं वाक्य लिहिलंस, तेही पप्पांना सांगितलं नाही हे सांगण्यापुरतं.

तेव्हा पप्पांना सांग. आज संध्याकाळी नको, ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्यावर. पाचारण वगैरे शब्द वापरू नकोस. एवढंच सांग की सेसनाच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात, पाणी नाही, हवेवर थंड होतं, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर, एक गेला तरी दुसरा चालावा म्हणून. ते विचारतील, ‘दोन कित्याक?’ मग डिसेंबरात त्यांनाच बरोबर ने. हँगरवाल्याला विनंती केलीस तर कुणी नाही म्हणणार नाही. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलेलं एखादं विमान तिथे उभं असतंच. त्यांना तिथे सोड आणि तू तुझ्या तासाला जा. परत येशील तेव्हा ते तिथेच उभे असतील, हात मागे बांधून, खिशातून चिंधी बाहेर लोंबत, आणि तिथल्या पोराला काहीतरी विचारत.